चौघांचा आवाज आणि ६ भागांचा शो

क्लॉपर रोडवरून मी गेली ११ वर्षं जवळजवळ रोज गाडी चालवतेय. मेरीलँडमध्ये गेथर्सबर्गहून जर्मनटाउनकडे जाणारा रस्ता, एका बाजूला सेनेका क्रीक स्टेट पार्कची झाडी, बाकी मग अपार्टमेंट, टाउनहाऊस, सिग्नल, डेकेअर, पुन्हा सिग्नल. सकाळी सव्वाआठला या रस्त्यावर कुणाला गाणंबिणं सुचेल असं अजिबात वाटत नाही. आणि ज्या गाण्यावर माझं अख्खं कॉलेज गेलं, ते गाणं याच रस्त्यावर गाडीत बसलेल्या दोन माणसांना सुचलं होतं हे मला तब्बल ७ वर्षांनी कळलं, तेही ऑफिसमधल्या एका अमेरिकन बाईने लंचच्या वेळी सहज सांगितलं म्हणून. मी डबा तसाच ठेवून तिच्याकडे बघत बसले.

गाणं म्हणजे 'टेक मी होम, कंट्री रोड्स'. ते माहीत नसेल असा ट्रेकर महाराष्ट्रात सापडणं अवघड आहे. आमच्या वेळी, म्हणजे नव्वदीच्या मधल्या वर्षांत, आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये एक सीनियर दादा होता, त्याच्याकडे जुनी गिटार होती, तिच्या एका कोपऱ्याला मेडिकल टेप लावलेली, आणि ती गिटार तो प्लास्टिकच्या गोणीत गुंडाळून भर पावसात राजमाचीला घेऊन यायचा. उधेवाडीत एका घराच्या पडवीत आम्ही १५-१६ जणं दाटीवाटीने बसलेलो, पिठलं-भाकरी झालेली, बाहेर पाऊस नुसता कोसळतोय, आणि दादाने ते गाणं सुरू केलं की ज्यांना इंग्रजी नीट यायचं नाही तेही कोरसला तोंड उघडायचे. ज्या मावशींच्या पडवीत आम्ही होतो त्या एकदा म्हणाल्या होत्या, "काय माहेरचं गाणं हाय का रं पोरांनो?" शब्द कळत नसताना. मी त्या वाक्यावर आजही थांबते. माहेरचंच गाणं आहे ते. रस्त्याला सांगायचं की बाबा मला घरी ने, यापेक्षा जास्त त्यात काही नाही.

आम्हाला वाटायचं गाणं जॉन डेन्व्हर या अमेरिकन गायकाचं. कॅसेटवर त्याचंच नाव, त्याचाच गोल चष्म्यातला फोटो. आणि तसं ते त्याचं आहेच, त्याचंही नाव आहे लिहिणाऱ्यांत. पण आधी लिहायला घेतलं ते बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट या दोघांनी. ते तेव्हा 'फॅट सिटी' नावाने वॉशिंग्टन डीसीच्या छोट्या छोट्या क्लबांत लोकसंगीत गायचे. बिल मूळचा मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डचा, शिकायला जॉर्जटाउन युनिव्हर्सिटीत आला आणि तिथल्या 'सेलर डोअर' नावाच्या क्लबमध्ये लाइट आणि साउंडचं काम करायला लागला. मोठमोठे गायक येऊन गाताना ज्याने अंधारात बसून त्यांच्यावर लाइट टाकला असा हा माणूस. दोघं टॅफीच्या नातेवाइकांच्या एका गेट-टुगेदरला क्लॉपर रोडने चालले होते, तेव्हा तो वळणावळणाचा, झाडीतला, खरोखरचा खेड्याकडचा रस्ता होता, आणि चालत्या गाडीत ती ओळ सुचायला लागली. यात वेस्ट व्हर्जिनिया कुठून आलं? चालीत बसलं म्हणून आलं. बिलच्या डोक्यात आधी स्वतःचं मॅसॅच्युसेट्सही होतं, अक्षरं तेवढीच भरतात. दोघांनी तोवर वेस्ट व्हर्जिनिया पाहिलंही नव्हतं. गाण्यात जो ब्लू रिज डोंगर आणि शेनँडोआ नदी येते ती दोन्ही बरीचशी शेजारच्या व्हर्जिनियात, वेस्ट व्हर्जिनियाच्या फक्त एका कोपऱ्याला लागून जातात. गंमत म्हणून लोक हे सांगतात, चूक काढल्यासारखं. मला त्यात चूक दिसत नाही. आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांमध्ये पंढरपूर यायचं, चंद्रभागा यायची, आणि आजी पंढरपूरला गेली ती साठी उलटल्यावर. गाण्यातलं गाव हे असंच असतं, मनात आधी बांधलं जातं.

१९७० च्या डिसेंबरच्या शेवटी डेन्व्हरचे सेलर डोअरला कार्यक्रम होते आणि त्याच्या आधी फॅट सिटी गाणार होते. डेन्व्हर तेव्हा मोठा स्टार नव्हता, त्याचं 'लीव्हिंग ऑन अ जेट प्लेन' दुसऱ्यांनी गाऊन गाजवलं होतं. २९ तारखेच्या रात्री कार्यक्रम झाला, मग बिल-टॅफीच्या घरी जाऊन गात बसायचं ठरलं, वाटेत डेन्व्हरच्या गाडीला अपघात झाला आणि त्याचा अंगठा मोडला. हॉस्पिटलमध्ये जाऊन बँडेज करून तो परत यांच्याच तळघरातल्या घरी आला. तिथे त्यांनी त्याला हे अर्धवट गाणं ऐकवलं, खरं तर ते त्यांना जॉनी कॅश या बड्या गायकाला द्यायचं होतं, आणि डेन्व्हर ते आपल्यालाच हवं म्हणून हट्टालाच पेटला, मग तिघांनी मिळून पहाटेपर्यंत बसून ते पुरं केलं. दुसऱ्या रात्री, ३० तारखेला, सेलर डोअरमध्ये तिघांनी ते पहिल्यांदा गायलं आणि टाळ्या थांबेचनात. १९७१ मध्ये ते बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत दुसऱ्या नंबरापर्यंत गेलं. २०१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने ते राज्याच्या अधिकृत गाण्यांपैकी एक म्हणून स्वीकारलं.

आणि एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती, कळल्यावर मी गाडी पार्कच्या पार्किंगमध्ये घेऊन गाणं परत ऐकलं. त्या रेकॉर्डवर डेन्व्हरच्या मागे जे आवाज येतात, कोरसला उचलून धरणारे, ते बिल आणि टॅफीचेच आहेत. सिंगलवर नावही तसंच होतं, जॉन डेन्व्हर विथ फॅट सिटी. म्हणजे उधेवाडीच्या त्या पडवीत आम्ही ज्या कोरसची नक्कल करत होतो तो यांचा. इतकी वर्षं मी त्यांना ऐकत होते आणि मला ते ऐकू येत नव्हते.

मग मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचायला लागले, आणि वाचता वाचता त्या टीव्ही शोपाशी येऊन पोचले, ज्याच्याबद्दल लिहायचं म्हणून खरं तर आज बसलेय.

फॅट सिटीचे दोघं, त्यात मार्गो चॅपमन आणि जॉन कॅरल आले, कॅरल तर जेमतेम विशीतला पियानो वाजवणारा मुलगा, आणि चौघांचा 'स्टारलँड व्होकल बँड' झाला. डेन्व्हरने स्वतःची विंडसाँग नावाची रेकॉर्ड कंपनी काढली होती, तिने यांचा अल्बम काढला. जॉर्जटाउनमध्ये 'क्लाइड्स' नावाचं हॉटेल आहे, अजून आहे, आम्ही एकदा जाऊन आलो. तिथल्या मेनूवर दुपारच्या खाण्याच्या पदार्थांना 'आफ्टरनून डिलाइट्स' असं नाव होतं. बिलने ते वाचलं आणि त्या नावावरून गाणं केलं, खाण्यावरचं नाही, दुपारच्या निवांत प्रणयावरचं, पण इतकं हसरं आणि हलकं की पोरंसोरंही ते गात फिरली. १९७६ च्या जुलैमध्ये, अमेरिका स्वातंत्र्याची २०० वर्षं साजरी करत होती त्याच महिन्यात, ते गाणं २ आठवडे पहिल्या नंबरावर होतं. १९७७ च्या फेब्रुवारीत दोन ग्रॅमी, म्हणजे तिथले संगीतातले मोठे पुरस्कार, मिळाले, एक आवाजांच्या रचनेसाठी आणि एक सर्वोत्कृष्ट नवीन कलाकार म्हणून. त्या वर्षी त्याच यादीत 'बोस्टन' हा रॉक बँडही होता, ज्यांचे अल्बम पुढे अफाट खपले, आणि बक्षीस मिळालं ते या चौघांना.

त्या ग्रॅमीवरून आजही अमेरिकन लोक त्यांची टिंगल करतात, 'एका गाण्याचा बँड' म्हणतात. मला ते ऐकवत नाही. आवाजांच्या रचनेचं बक्षीस का मिळालं हे समजून घ्यायचं असेल तर हेडफोन लावून एकदा ते गाणं ऐका, शब्दांकडे लक्ष न देता. आपल्याकडे समूहगान म्हणजे सगळ्यांनी एकच स्वर धरायचा, भजनात, आरतीत, शाहिराच्या मागच्या झीलकऱ्यांत, सगळे एका सुरात आणि जोर वाढत जातो. इथे तसं नाही, एकजण सा धरतो तेव्हा दुसरी ग वर असते, तिसरी प वर, चौथा खाली कुठेतरी, आणि चौघंही एकदमच सरकतात, पुढच्या शब्दाला पुढच्या जागी. त्यासाठी प्रत्येकाला स्वतःचा आवाज थोडा कमी करून बाकीच्या तिघांचा ऐकावा लागतो. जोरात गायलात की बिघडलं. सुंदर गायलात, म्हणजे एकट्याने उठून दिसेल असं गायलात, तरी बिघडलं. चौघं नीट जुळले की पाचवाच कुणीतरी गातोय असं वाटतं, आणि त्या गाण्यात ते होतं, खरंच होतं. स्टील गिटार वर चढत जाते तिथे आवाजही असे अलगद उलगडतात की माझ्या अंगावर अजून काटा येतो.

तर अशा लोकांना सीबीएस या नेटवर्कने बोलावलं आणि सांगितलं की तुमच्या नावाचा व्हरायटी शो करूया.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, आपल्याकडे मुंबई दूरदर्शनवर 'गजरा' लागायचा तो आठवा, छोटी छोटी प्रहसनं, हलकंफुलकं, सगळ्या घराने एकत्र बसून बघायचं. अमेरिकेत सत्तरच्या दशकात याचा मोठाच कारखाना झाला होता. एखादा गायक किंवा बँड गाजला की त्याच्या नावाने शो, त्यात तोच सूत्रसंचालन करणार, तोच विनोदी स्किटमध्ये कपडे बदलून येणार, पाहुण्यांशी गप्पा मारणार आणि अधूनमधून गाणार. सॉनी आणि शेर या गाणाऱ्या जोडप्याचा गाजला. टोनी ऑर्लँडो अँड डॉन, कॅप्टन अँड टेनिल, डॉनी अँड मारी, जॅक्सन भावंडं, सगळ्यांचे शो. सॉनी-शेरचा १९७१ मध्ये सुरू झाला तोही उन्हाळ्यातला तात्पुरता शो म्हणूनच. हे उन्हाळ्याचं प्रकरण असं की तिथे टीव्हीचा हंगाम सप्टेंबरला सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो, मधल्या दिवसांत लोक बाहेर, बीचवर, म्हणून जुने भाग पुन्हा लावतात किंवा कमी खर्चाचे थोड्या आठवड्यांचे नवीन शो लावून बघतात, चाललं तर ठेवायचं, नाहीतर सप्टेंबर आला की बंद.

'द स्टारलँड व्होकल बँड शो' असाच १९७७ च्या जुलैअखेर सुरू झाला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला संपला. अर्ध्या तासाचे ६ भाग. बास. मधे १६ ऑगस्टला एल्विस प्रेस्ली गेला, सगळा देश त्यात बुडाला होता, आणि त्याच दिवसांत हे चौघं आठवड्यातून एकदा टीव्हीवर येऊन हसत होते.

त्या शोत कोण कोण होतं हे बघितलं की आज आश्चर्य वाटतं. वॉशिंग्टनचा पियानोवर बसून राजकीय विनोद करणारा मार्क रसेल. 'फायरसाइन थिएटर' या विनोदी मंडळीतले प्रॉक्टर आणि बर्गमन. विनोदवीर जेफ ऑल्टमन. आणि ३० वर्षांचा एक सडपातळ मुलगा, दातांत फट असलेला, इंडियानापोलिसला टीव्हीवर हवामान सांगणारा आणि २ वर्षांपूर्वीच ट्रक घेऊन लॉस एंजेलिसला नशीब काढायला आलेला. त्या शोचा तो लेखकही होता आणि समोरही यायचा. डेव्हिड लेटरमन. पुढच्याच वर्षी तो जॉनी कार्सनच्या रात्रीच्या गप्पांच्या शोवर गेला, १९८२ पासून स्वतःचा रात्रीचा शो, आणि २०१५ पर्यंत तो अमेरिकेच्या रात्रींवर राज्य करत राहिला. यूट्यूबवर त्या ६ भागांचे तुकडे सापडतात, व्हीएचएसवरून काढलेले, रंग उतरलेले. लोक ते लेटरमनसाठी बघतात. मी त्या चौघांसाठी बघितले, मुलं झोपल्यावर, दोन-तीन रात्री.

मला जे दिसलं ते सांगते, दुसऱ्या कुणाला वेगळं दिसेल. लेटरमन कॅमेऱ्यात बघतो तेव्हा कॅमेराच त्याच्याकडे बघतोय असं वाटतं, काही न करता. त्याला एकटं उभं राहणं येतं, किंबहुना त्याला तेवढंच हवं असतं. हे चौघं चांगले आहेत, मोकळे आहेत, पण गायला लागले की ते वेगळीच माणसं होतात, आणि बोलायला लागले की परत तुमच्याआमच्यासारखी होतात. टीव्हीवर दर आठवड्याला बोलावणारा जो यजमान लागतो त्याचं स्वतःचं असं ठळक काहीतरी लागतं, एक खट्याळ, एक रागीट, एक भोळी, असं काहीतरी, म्हणजे प्रेक्षकाला धरायला खुंटी मिळते. आणि या लोकांनी वर्षानुवर्षं कमावलं होतं ते नेमकं उलटं, एकमेकांत मिसळून जाणं.

हे मला इतकं ठामपणे का वाटतं, तर आमच्याच बाबतीत एक झालं होतं म्हणून. हे मी पहिल्यांदाच लिहितेय.

इथल्या मराठी मंडळींत आमचा चौघांचा एक ग्रुप होता. दोन बायका, दोन पुरुष, सगळे नोकरीवाले, रविवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमायचो आणि लोकगीतं बसवायचो. गोंधळ, भारूड, जात्यावरच्या ओव्या, कोळीगीतं. आमच्यातल्या एकाने इथे कॉलेजात हार्मनी शिकलेली, त्याने ओव्यांना अगदी हलकी, नकळत अशी दुसरी-तिसरी पट्टी लावून बघितली आणि ते असं काही जुळलं की पहिल्यांदा गणपतीत गायलो तेव्हा पुढच्या रांगेतल्या आज्या रडायला लागल्या. एक आजी मला नंतर मिठी मारून म्हणाल्या, "बाई गं, माझी आई आली होती आत्ता." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं बक्षीस ते.

मग दिवाळीच्या कार्यक्रमासाठी सुचवण्यात आलं की यंदा सगळी संध्याकाळ तुम्हीच घ्या. निवेदन तुमचं, मधले विनोदी प्रवेश तुम्हीच करा, पाहुण्यांची ओळख, स्पॉन्सरची नावं, लकी ड्रॉ, आणि अर्थात गाणी तर तुमची आहेतच. प्रेमानेच सांगितलं होतं. आम्हाला किती आनंद झाला! आम्ही दोन महिने खपलो. स्किट लिहिली, नऊवारी भाड्याने आणली, जोक पाठ केले. आणि कार्यक्रम ठीक झाला, लोक हसले, वेळेत जेवणं झाली. पण ओव्यांची वेळ आली तेव्हा मी नुकतीच एका प्रवेशातून धापा टाकत आले होते, श्वास जागेवर नव्हता, दुसरी ताई मनात पुढच्या घोषणेची वाक्यं घोकत होती, आणि सूर लागलेच नाहीत. म्हणजे प्रत्येकाचा लागला, चौघांचा लागला नाही. बाहेरच्या कुणाला कळलंही नसेल. आम्हाला कळलं. गाडीत सामान भरताना आमच्यातला एकजण म्हणाला, "आपण एकमेकांकडे बघून गायचो ना, आज लोकांकडे बघत होतो."

त्यानंतर आम्ही हळूहळू जमायचे थांबलो. भांडण नाही, काही नाही. एकाची नोकरी बदलली, कुणाच्या मुलाची दहावी-बारावी इथल्या भाषेतली, रविवार एकेक करून सुटत गेले. माझ्या फोनमध्ये त्या गणपतीचं रेकॉर्डिंग आहे, ४ मिनिटांचं, मागे कुणाचं तरी बाळ रडतंय. मी ते फार कमी वेळा लावते.

म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की स्टारलँडवाल्यांनी टीव्ही शो घेऊन चूक केली, तेव्हा मला त्यांना म्हणावंसं वाटतं की तुम्हाला कुणी तुमची अख्खी संध्याकाळ देऊ केली आहे का कधी? बिल आणि टॅफी तर तिशीतली माणसं, क्लबांत वर्षं घालवलेली, एक गाणं दुसऱ्याने गाऊन जगभर नेलंय, एक गाणं शेवटी स्वतःच्या नावाने पहिल्या नंबरावर आलंय, घरात दोन ग्रॅमी आहेत. त्या वेळी नेटवर्क म्हणतंय या. नाही कसं म्हणणार? आणि समजा नाही म्हटलं असतं तर आपणच त्यांना भित्रे म्हटलं असतं.

तसं बघायला गेलं तर लोकसंगीत आणि अमेरिकन टीव्ही यांचं आधीपासूनच अवघड गेलेलं आहे. १९६३ मध्ये एबीसी या दुसऱ्या नेटवर्कवर 'हूटनॅनी' नावाचा लोकसंगीताचा शो सुरू झाला, कॉलेज कॉलेजमध्ये जाऊन चित्रीकरण, तुफान चालला, पण पीट सीगर या लोकगायकाला त्यावर येऊ दिलं नाही, डाव्या विचारांचा म्हणून काळ्या यादीत होता तो, मग जोन बाएझसारख्यांनी शोवरच बहिष्कार घातला, आणि वर्ष-दीड वर्षात तो बंद झाला. 'वुई शॅल ओव्हरकम' घरोघरी पोचवण्यात ज्याचा मोठा वाटा, ज्याच्यामुळे आपण शाळेत 'हम होंगे कामयाब' गात वाढलो, त्या माणसाला लोकसंगीताच्या कार्यक्रमात जागा नव्हती! मग १९६७ मध्ये याच सीबीएसने स्मदर्स ब्रदर्सना घेतलं, गिटार आणि मोठा बेस घेऊन लोकगीतं गाता गाता भांडणारे दोन भाऊ. त्यांनी सीगरला बोलावलं, त्याचं युद्धविरोधी गाणं नेटवर्कने कापलं, त्यांनी झगडून पुढच्या वर्षी, १९६८ च्या फेब्रुवारीत, त्याच्याकडून परत गाऊन घेतलं आणि ते गेलं देशभर. १९६९ मध्ये शो बंद केला गेला. पण त्या भावांना सूत्रसंचालन येत होतं, कारण त्यांच्या कलेतच दोघं वेगवेगळे होते, एक वेंधळा, एक शहाणा. गाणं मधेच तोडून भांडणं हीच त्यांची कला. स्टारलँडची कला गाणं न तुटू देण्याची. मला वाटतं सगळं तिथेच आहे.

आणि काळही सरत चालला होता त्या प्रकाराचा. १९७७ मध्ये आधीच सगळे व्हरायटी शो धापा टाकत होते, त्या वर्षाच्या शेवटी डिस्कोची लाट वादळासारखी उसळली, आणि पुढच्या वर्षी कॅरोल बर्नेट या विनोदी अभिनेत्रीचा इतकी वर्षं चाललेला शोही थांबला. एखाद्याला वाड्यात राहायला बोलवावं आणि वाडा पाडायला काढलेला असावा, तसं झालं.

पुढचं थोडक्यात सांगते कारण ते सांगताना मला बरं वाटत नाही. दुसरा अल्बम चालला नाही. त्या उंचीला पुन्हा एकही गाणं गेलं नाही. १९८१ मध्ये बँड मोडला. बिल आणि टॅफी नवराबायको होते, ते वेगळे झाले. मार्गो आणि जॉन कॅरल यांचंही लग्न झालं होतं, तेही नंतर वेगळे झाले. चार आवाज, दोन संसार, सगळंच. मात्र गाणं कुणी सोडलं नाही. बिलने त्या आधीच एमिलू हॅरिसबरोबर 'बोल्डर टू बर्मिंगहॅम' लिहिलं होतं, प्रियजन गेल्यानंतरचं दुःख कुणाला ऐकायचं असेल तर त्याहून खरं गाणं मला माहीत नाही. जॉन कॅरलने लिहिलेलं 'गेट क्लोजर' लिंडा रॉनस्टॅटने गायलं. तो नंतर किती तरी वर्षं मेरी चेपिन कार्पेंटरच्या मागे पियानोवर बसायचा. मागे. मला तो शब्द आता कमीपणाचा वाटत नाही.

डेन्व्हर १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये स्वतःच चालवत असलेल्या छोट्या विमानाच्या अपघातात गेला. आम्ही तेव्हा कॉलेज संपवून विखुरलेलो होतो, ग्रुपमधल्या एकीने मला पोस्टकार्ड पाठवलं होतं, त्यावर फक्त "आपला डेन्व्हर गेला" एवढंच.

गेल्या महिन्यात मी क्लॉपर रोडच्या पाटीचा फोटो काढला, पार्कच्या फाटकापाशी गाडी लावून, आणि राजमाचीच्या दादाला व्हॉट्सॲपवर पाठवला. तो आता कऱ्हाडला असतो. सगळी गोष्ट लिहिली त्याला, अंगठा, तळघर, मेनू, लेटरमन, ६ भाग, सगळं, एवढा मोठा मेसेज की मधे दोनदा फोन बंद पडला. त्याचं उत्तर लगेच आलं नाही. मग दुसऱ्या दिवशी आधी एक प्रश्न आला, "तिथे डोंगर दिसतात का?" मी लिहिलं, नाही रे, सपाटच आहे, टेकाड म्हणावं इतपत. मग "आणि ते चौघं परत कधी एकत्र गायले का?" मी लिहिलं की हो, १९९८ मध्ये मधे काही काळ जमले होते, मुलांनाही बरोबर घेऊन.

थोड्या वेळाने व्हॉइस नोट आली. गिटार तीच असावी, आवाजावरून वाटलं. दादाचा आवाज जड झालाय आता. पहिलं कडवं त्याने एकट्याने गायलं आणि कोरस आला तिथे त्याच्या मुलीचा आवाज आला, वरच्या पट्टीत, त्याच्याबरोबर नाही, त्याच्या वर, तिसऱ्या स्वरावर, कुठे शिकली कोण जाणे. दुसऱ्या ओळीला ती घसरली. दादा थांबला, "माझ्याकडे बघ, मोबाइलकडे नको बघूस," असं म्हणाला, आणि दोघांनी कोरस पुन्हा पहिल्यापासून घेतला.